अस्तर

हे बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणून राहिलं होतं. ताईची परवानगी काढली, भाच्यालाही विचारलं. तो म्हणाला, "लिही मामा, पण माझं नाव नको." म्हणून नाव नाही.

२०१६ चा जून. भाचा तेव्हा सहा वर्षांचा, नुकता पहिलीत गेलेला. ताप उतरेना, पाय दुखतात म्हणून रात्री रडायचा, नडग्यांवर कुठे न आपटता निळे डाग उमटायचे. रक्त तपासलं आणि ल्युकेमिया निघाला, लहान मुलांत सगळ्यांत जास्त आढळणारा तो प्रकार. त्या पहिल्या आठवड्याबद्दल मी लिहिणार नाही. घरातल्यांना माहीत आहे, बाकीच्यांना कल्पना करता येईल.

नळीतून औषधं सुरू झाली. मग डॉक्टरांनी सांगितलं की काही औषध पाठीतून, मणक्यातल्या पाण्यात द्यावं लागेल. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पोराला कुशीवर मुटकुळं करून निजवायचं, थोडं पाणी काढायचं आणि त्याच सुईतून पिवळं औषध आत सोडायचं. मग तासभर उताणं पडून राहायचं. पहिल्या वेळी त्याचा आवाज बाहेर बाकावर ऐकू आला आणि आई उठून थेट डॉक्टरीणबाईंच्या समोर जाऊन उभी राहिली.

"डॉक्टर, नळीतून औषध जातंयच की. रक्त काय डोक्यात जात नाही होय? मग पोराच्या पाठीत कशाला टोचायचं?"

डॉक्टरीणबाई दमलेल्या होत्या, पण चिडल्या नाहीत. "आजी, रक्त जातं. पण मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर वेगळं असतं. ते औषधाला पलीकडे जाऊ देत नाही."

आईने चाळीस वर्षं ब्लाउज शिवले. अस्तर म्हटलं की तिला कुणी समजावून सांगायची गरज नाही. रिक्षात बसल्यावर मला म्हणाली, "एकाच कापडाला जागोजागी वेगळं अस्तर? असं कसं रे?" मला सांगता आलं नाही. मी बँकेतला माणूस. शाळेत केशवाहिन्यांची लाल-निळी जाळी काढली होती, त्यापुढे माझी गाडी गेलेली नव्हती. पुढची जवळपास तीन वर्षं दवाखान्याच्या बाकावर बसून मी हे वाचत राहिलो. आणि वाचता वाचता कळलं की आईचा प्रश्न साधा नव्हता. भल्याभल्यांचा तो सोडवण्यात ऐंशीहून जास्त वर्षं गेली होती.

सुरुवातीचं लवकर उरकतो. रक्त शरीरात गोल फिरतं हे विल्यम हार्वेने १६२८ साली मांडलं, पण धमनीतून ते शिरेत कसं जातं ते त्याला दिसलं नव्हतं. तो वारल्यानंतर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीत मार्चेलो मालपिगीने बेडकाच्या फुफ्फुसात केशवाहिन्या पाहिल्या. नळी सापडली. नळीला आतून पेशींचा एकच पातळ थर असतो हे कळायला आणखी जवळजवळ दोनशे वर्षं लागली, आणि १८६५ साली विल्हेल्म हिस या स्विस शरीरशास्त्रज्ञाने त्या थराला एंडोथेलियम हे नाव दिलं.

नाव मिळालं, मान मिळाला नाही. हॉवर्ड फ्लोरी, म्हणजे पेनिसिलिनवाले नोबेलविजेते फ्लोरी, यांनी १९६६ साली एका लेखात लिहून ठेवलंय की चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी लोक या थराला केंद्रकं चिकटवलेला सेलोफेनचा कागद समजत. बिस्किटाच्या पुड्याला असतो तसा. त्याचं काम काय, तर रक्त सांडू न देणं. मग तो बोटात असो नाहीतर मेंदूत, वेगळा असायचं कारणच काय?

वेगळेपणाचा पहिला धागा ज्याच्या हाती लागला त्यानेच तो सोडून दिला. पाउल एरलिख हा रंगवेडा माणूस. जर्मनीतल्या रंगांच्या कारखान्यांतून तेव्हा नवनवे कृत्रिम रंग निघत होते आणि हा ते प्राण्यांच्या रक्तात सोडून कुठला अवयव किती रंगतो ते बघायचा. १८८५ साली त्याने नोंदवलं की काही रंग सोडले की जवळपास सगळे अवयव रंगतात, मेंदू आणि मज्जारज्जू मात्र कोरे राहतात. एरलिखचं स्पष्टीकरण असं, की मेंदूच्या ऊतीला त्या रंगाची ओढच नसावी. म्हणजे पाहुणा दारात आला नाही असं नव्हे, घरातल्यांनाच तो आवडत नाही.

तर्क वाईट नव्हता. पुढे याच ओढीच्या कल्पनेवरून एरलिखने औषधं शोधली. पण इथे तो चुकला होता, आणि ती चूक एडविन गोल्डमान या फ्रायबुर्गच्या शल्यचिकित्सकाने दाखवून दिली. गोल्डमान एरलिखबरोबर काम केलेलाच. १९०९ साली त्याने ट्रायपॅन ब्लू नावाचा निळा रंग रक्तात सोडला. जनावर आतून-बाहेरून निळं झालं, मेंदू पांढरा. इथवर जुनंच. मग १९१३ साली त्याने तोच रंग मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडला. आता मेंदू निळा झाला आणि बाकी शरीर कोरं राहिलं. म्हणजे मेंदूला रंगाचं वावडं नव्हतं. मधे काहीतरी आडवं येत होतं.

हे वाचलं तेव्हा मी बाकावरून उठून फेरी मारून आलो. गोल्डमानने जिथे रंग सोडला होता, त्याच पाण्यात आमच्या पोराला औषध देत होते.

या आडव्या येणाऱ्या गोष्टीला आज जे नाव आहे ते रूढ करणाऱ्यांत लिना स्टर्न यांचं नाव पहिलं घ्यायला हवं. १९२१ साली जिनिव्हात रेमों गोतिए यांच्याबरोबर काम करताना त्यांनी रक्त-मेंदू अडसर या अर्थाचा फ्रेंच शब्द वापरला. जिनिव्हा विद्यापीठातल्या त्या पहिल्या महिला प्राध्यापक. १९२५ मध्ये सोविएत रशियात गेल्या आणि १९३९ साली तिथल्या विज्ञान अकादमीच्या पहिल्या महिला पूर्ण सदस्य झाल्या. त्यांचं म्हणणं नुसतं मेंदूपुरतं नव्हतं. प्रत्येक अवयवाचा आपला अडसर असतो आणि त्याच्या पेशींना कुठलं पाणी मिळायचं ते तो अडसर ठरवतो, असं त्या मांडत होत्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात! आणि नुसतं मांडून थांबल्या नाहीत. मेंदूच्या आवरणाचा क्षय झालेल्या मुलांना १९४० च्या दशकाच्या शेवटी त्या स्ट्रेप्टोमायसिन रक्तातून न देता कवटीच्या मागच्या बाजूने थेट त्या पाण्यात देत होत्या. तिथेही बाहेर बाकांवर आज्या बसल्या असतील.

१९४९ साली स्टालिनच्या पोलिसांनी त्यांना अटक केली. वय सत्तर. ज्यू फॅसिस्टविरोधी समितीत होत्या हा गुन्हा. १९५२ साली खटला चालला आणि त्यांच्याबरोबरच्या तेरा जणांना १२ ऑगस्टला गोळ्या घातल्या. स्टर्न तेवढ्या वाचल्या. त्यांना कझाकस्तानात पाठवलं, स्टालिन मेल्यावर १९५३ मध्ये परत येता आलं, आणि १९६८ पर्यंत त्या जगल्या. (मला या बाईवर वेगळं लिहायचंय. बघू कधी जमतं.)

पण अडसर नेमका कुठे? नाव आहे, परिणाम दिसतोय, भिंत सापडत नाही. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला तेव्हा दिसलं की मेंदूतल्या केशवाहिन्यांना बाहेरून दुसऱ्याच पेशींच्या पावलांनी वेढलेलं असतं, तारका पेशींच्या. अनेकांना वाटलं, हीच भिंत. अस्तराकडे तेव्हाही फारसं कुणी संशयाने बघत नव्हतं.

उत्तर १९६७ साली मिळालं आणि ते मिळालं एका तिखट मुळीमुळे. हॉर्सरॅडिश नावाची मोहरीच्या कुळातली एक मुळी असते. (आपल्या शेवग्याला इंग्रजांनी हॉर्सरॅडिशचं झाड म्हटलं ते त्याच्या मुळांच्या अशाच झणझणीत चवीमुळे.) तिच्यातलं पेरॉक्सिडेज हे प्रथिन रक्तात सोडलं आणि नंतर त्यावर योग्य रसायन घातलं, तर ते जिथे जिथे पोचलंय तिथे गडद साका धरतो आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतो. मॉरिस कार्नोव्हस्की यांनी हार्व्हर्डमध्ये ही युक्ती उंदराच्या हृदयातल्या आणि स्नायूंतल्या केशवाहिन्यांवर करून पाहिली. प्रथिन अस्तराच्या दोन पेशींमधल्या फटीतून बाहेर पडलेलं दिसलं. त्याच वर्षी थॉमस रीझ आणि कार्नोव्हस्की यांनी उंदराच्या मेंदूत पाहिलं. तिथे ते रक्ताच्याच बाजूला अडलं होतं. दोन पेशींच्या कडा एकमेकींत अशा घट्ट बसवलेल्या की फट शिल्लकच नाही. दोन वर्षांनी ब्राइटमन आणि रीझ यांनी उलट्या बाजूने, मेंदूच्या पोकळीतून प्रथिन सोडलं. ते तारका पेशींच्या पावलांमधून खुशाल निघून आलं आणि अस्तरापाशी येऊन थांबलं.

तोच प्राणी, तेच प्रथिन. हृदयात वाट मिळते, मेंदूत मिळत नाही. फरक अस्तराच्या शिवणीत होता. मी घरी येऊन आईला हे असंच सांगितलं तेव्हा तिने मशीन थांबवून विचारलं, "म्हणजे बाकीकडे कच्ची टीप आणि डोक्यात दुहेरी टीप?" याहून चांगलं मलाही सांगता येणार नाही.

गंमत अशी की दवाखान्यातले लोक या उत्तरासाठी थांबले नव्हते. १९४८ साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना अमिनॉप्टेरिन दिलं आणि पहिल्यांदाच हा आजार मागे हटला, थोडे महिने का होईना. त्याचंच भावंड मेथोट्रेक्सेट, म्हणजे ते पिवळं औषध. ही औषधं ज्या लेडर्ली प्रयोगशाळेत तयार झाली तिथले संशोधनप्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. पुढे औषधं सुधारली तसं एक भयंकर गणित समोर यायला लागलं. मूल बरं दिसायचं, रक्त साफ, हाडातला मगज साफ, आणि काही महिन्यांनी डोकं दुखायला लागायचं. आजार मेंदूभोवतीच्या पाण्यात जिवंत राहिलेला असायचा, कारण औषध तिथे पुरेसं पोचतच नव्हतं. जितकी मुलं जास्त जगवावीत, तितकी या वाटेने जाणारी मुलं जास्त.

मेम्फिसला १९६२ साली सेंट ज्यूड नावाचं मुलांचं रुग्णालय सुरू झालं. तिथे डोनाल्ड पिंकेल यांनी ठरवलं की मेंदूत आजार दिसायची वाट बघायचीच नाही, आधीच तिथे उपचार करायचा. डोक्याला किरण आणि मणक्यातल्या पाण्यात मेथोट्रेक्सेट. १९६७-६८ साली ज्या मुलांवर हा उपचार झाला त्यांच्यातली जवळपास निम्मी कायमची बरी झाली. त्याआधी हा आजार म्हणजे मरणच होतं. नंतर लक्षात आलं की किरणांनी लहान मेंदूचं नुकसान होतं, म्हणून ते बहुतेक मुलांसाठी कमी होत होत बंद झाले. पाठीतली सुई राहिली. सोळाव्या वेळेपर्यंत मी मोजलं, मग सोडून दिलं.

आता उलटी गोष्ट. उपचाराच्या दुसऱ्या वर्षी भाच्याच्या यकृताचे आकडे भलतेच वाढले आणि गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागल्या. ताई म्हणाली, "डोक्यात जात नाही म्हणून टोचतात आणि लिव्हरमध्ये फार जातं म्हणून बंद करतात. हे काय चाललंय?" यकृताला त्रास होतो तो मुख्यतः औषध मोडायचं कामच त्याच्याकडे असतं म्हणून. पण मला तोवर सवय लागली होती, मी तिथलंही अस्तर शोधायला गेलो.

यकृताची गोष्ट तर मेंदूपेक्षा गोंधळाची निघाली. १८७६ साली कुप्फर यांनी सोन्याच्या क्षाराने रंगवून यकृतात ताऱ्यांसारख्या पेशी पाहिल्या. पुढे १८९८ च्या सुमारास त्यांनी मत बदललं आणि या पेशी रक्तवाहिन्यांच्या अस्तराचाच भाग आहेत असं ठरवलं. मोठ्या माणसाने ठरवलं की ते टिकतं. यकृताचं अस्तर आणि रक्तातला कचरा गिळणाऱ्या पेशी एकच, हा घोळ पाऊण शतक चालू राहिला. १९७० च्या सुमारास लायडन इथे एडी विसे यांनी उंदराचं यकृत वेगळ्या रीतीने तयार केलं, म्हणजे तुकडा कापून द्रावणात बुडवण्याऐवजी रक्तवाहिन्यांतूनच द्रावण सोडून ते पक्कं केलं. तेव्हा कुठे अस्तर फाटल्याविना दिसलं. आणि दिसलं काय, तर भोकंच भोकं! पेशीच्या अंगातच साधारण १०० नॅनोमीटरचे झरोके, झुबक्याझुबक्याने, आणि खाली आधाराचा सलग पडदासुद्धा नाही. इथे दुहेरी टीप वगैरे काही नाही, सरळ चाळण. यकृताला रक्तातलं सगळं हाताळून बघायचं असतं, त्याला बंद दार परवडणार नाही.

मूत्रपिंडातही झरोके असतात, पण तिथे मागे गाळण्याचा जाड पडदा असतो. आईच्या भाषेत यकृत म्हणजे पिठाची चाळण आणि मूत्रपिंड म्हणजे वस्त्रगाळ. लसिकाग्रंथींत तर अस्तराच्या पेशी चपट्या नसून चांगल्या उंच असतात आणि रक्तातल्या लिम्फोसाइट पेशींना ओळखून आत घेतात. थोडक्यात, तो सेलोफेनचा कागद कुठेच नव्हता.

मग हे वेगळेपण येतं कुठून? पेशी जन्मतः मेंदूची किंवा यकृताची असते, की शेजार बघून तशी होते? टोरांटोच्या स्टुअर्ट आणि वायली यांचा १९८१ सालचा प्रयोग मला या सगळ्या वाचनात सर्वांत आवडला. त्यांनी लावा पक्ष्याच्या गर्भातला, अजून रक्तवाहिन्या न शिरलेला मेंदूचा तुकडा काढला आणि कोंबडीच्या गर्भाच्या पोटात ठेवला. कोंबडीच्या पोटातल्या रक्तवाहिन्या त्यात वाढल्या. (लाव्याच्या आणि कोंबडीच्या पेशींची केंद्रकं वेगळी दिसतात, त्यामुळे कोण कुणाचं ते ओळखता येतं.) मग रक्तात रंग सोडला. रंग बाहेर आला नाही! पोटातल्या साध्यासुध्या रक्तवाहिनीने मेंदूच्या शेजारात येऊन दुहेरी टीप घातली होती. उलट केलं, पोटाकडचा तुकडा मेंदूत ठेवला, तेव्हा त्यात शिरलेल्या वाहिन्या गळक्या निघाल्या.

"सुनेसारखंच की," आई म्हणाली. "पडेल त्या घरची रीत." त्यावर ताईने तिच्याकडे जे बघितलं ते मी इथे लिहीत नाही. :)

पण आईच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण याची दुसरी बाजूही खरी निघाली. मेंदूच्या अस्तराच्या पेशी काढून काचेच्या बशीत एकट्या वाढवल्या की हळूहळू त्यांचा घट्टपणा सैल होत जातो. शेजार गेला की रीत गेली. आणि १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये जॅफे आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या अस्तराच्या पेशी बशीत वाढवायची पद्धत बसवली, ती कशातून? नाळेतून. बाळंतपणानंतर टाकून द्यायची म्हणून सहज मिळते. पुढची कित्येक वर्षं जगभर अस्तरावर जे संशोधन झालं त्यातलं खूपसं या नाळेच्या पेशींवर झालं. त्यातून उपयोगाचं पुष्कळ मिळालं यात वाद नाही. पण ज्या पेशींचा सगळा गुण शेजारावर अवलंबून, त्यांचा अभ्यास जन्माबरोबर संपणाऱ्या अवयवावरून करायचा, हे मला अजून थोडं विचित्र वाटतं.

शेवटचं एक आणि थांबतो. १९९६ साली कॅलिफोर्नियात पास्क्वालिनी आणि रुओस्लाहती यांनी असंख्य विषाणू घेतले, फक्त जिवाणूंनाच लागण करणारे, प्रत्येकाच्या अंगावर वेगळा प्रथिनाचा तुकडा. ते उंदराच्या शिरेत सोडले आणि काही मिनिटांनी मेंदूत कोणते अडकले, मूत्रपिंडात कोणते अडकले ते काढले, वाढवले, पुन्हा सोडले. असं करत करत फक्त मेंदूच्या किंवा फक्त मूत्रपिंडाच्या अस्तराला चिकटणारे वेगळे झाले. म्हणजे अस्तरावर पत्ता लिहिलेला आहे. रुओस्लाहतींनी याला झिप कोड म्हटलं. आपण पिनकोड म्हणू. तो आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि त्यामागचे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते, हे आमच्या टपाल खात्यातल्या काकांनी मला अनेकदा ऐकवलंय. २०२० साली बेल्जियममधल्या लुव्हेनच्या संशोधकांनी उंदराच्या अकरा ऊतींमधल्या अस्तराच्या बत्तीस हजारांहून जास्त पेशी एकेक करून तपासल्या आणि कुठल्या पेशीत कुठली जनुकं बोलतात त्याचा नकाशा छापला. पत्त्यांची डिरेक्टरीच ती. त्या पत्त्यांवर नेमकं औषध पोचवायचे प्रयत्न चालू आहेत. मणक्यातली सुई मात्र अजून चालू आहे.

भाच्याचे उपचार २०१९ च्या सुरुवातीला संपले. आता तो माझ्यापेक्षा उंच आहे आणि केस कापायला सांगितलं की भांडतो. त्याच्या शेवटच्या काही सुयांपैकी एका वेळी, उताणं पडायच्या त्या तासात, मी त्याला गोल्डमानच्या निळ्या रंगाची गोष्ट सांगितली होती. तो छताकडे बघत ऐकत होता. तेव्हा वय आठ.

"मामा, म्हणजे मला तो रंग टोचला तर मी सगळा निळा होणार?"

"सगळा. मेंदू सोडून."

"आणि इथे पाठीत टोचला तर?"

"मग मेंदू निळा, बाकी तू असाच."

त्याने बराच वेळ विचार केला. "मग पाठीतच बरं," म्हणाला. "शाळेत कुणाला कळणार नाही."